लाल सिलिंडरचं अंगडं

पासिंगच्या आदल्या सकाळी वहिनी ट्रकच्या केबिनमध्ये चढल्या आणि दारातच थबकल्या. गिअरच्या दांड्याशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा, आग विझवायचा तो लाल सिलिंडर उभा होता. नवाकोरा, चकचकीत, आणि अंगावर एक चिंधीसुद्धा नाही.

"भाऊजी!" वहिनींनी खाली बघून हाक मारली. "हा असा उघडा का ठेवलाय?"

भाऊजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, ट्रकच्या पोटाखाली आडवे होते. त्यांचे फक्त पाय बाहेर होते. पायांनी उत्तर दिलं, "आगीचा सिलिंडर आहे, वहिनी. तो उघडाच असतो."

"आपल्या घरात काही उघडं असतं का?"

यावर पाय गप्प झाले. कारण वहिनींच्या घरात टीव्हीला खोळ होती, मिक्सरला होती, शिलाई मशीनला होती, भिंतीवरच्या घड्याळाला काटे दिसतील एवढं भोक ठेवून होती. सोफ्याच्या खोळीवर चादर होती आणि चादरीवर प्लास्टिक. पाहुणा बसला की आधी प्लास्टिक बोलायचं, मग पाहुणा. दर रविवारी सगळ्या खोळी धुतल्या जायच्या आणि त्या दिवशी घरातल्या वस्तू दोन तास एकमेकींना बघून लाजायच्या. उघडं राहिलेलं वहिनींना माणसाचं तोंडसुद्धा खपत नसे.

"आज दुपारी शिवते याला काहीतरी," त्या म्हणाल्या. "उद्या साहेबांसमोर जायचंय. असा गेला तर काय म्हणतील?"

उद्याचं जाणं साधंसुधं नव्हतं. ट्रकचं नाव म्हातारी. वय एकतीस. मालकांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, ती आणली तेव्हा वहिनी नवी नवरी होत्या आणि म्हातारीला अजून कोणी म्हातारी म्हणत नव्हतं. मालक जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून वहिनी फोनवर कामं घेत, भाऊजी ट्रक चालवत, आणि घर बदलणाऱ्या लोकांची कपाटं, गाद्या, कुंड्या आणि भांडणं एका पत्त्यावरून उचलून दुसऱ्या पत्त्यावर पोचवली जात. एक कप कधी फुटला नाही. फुटलाच तर तो आधीच तडकलेला होता, हे वहिनी गिऱ्हाइकाला असं पटवून देत की गिऱ्हाईकच माफी मागून जाई.

पण घरातल्या घरात एक काटा होता. तो म्हणजे वन्सं.

वन्सं वहिनींची थोरली नणंद. त्यांच्या आवारात सहा ट्रक, सहाही नवे, आणि ऑफिसात काचेचं दार. गेल्या महिन्यात सगळं घर जेवायला एकत्र बसलेलं असताना वन्सं सहज म्हणाव्यात तसं म्हणाल्या, "अगं, ते डबडं आता भंगारात घाल आणि माझ्या ऑफिसात येऊन बस. फोन घ्यायला मला एक माणूस हवाच आहे."

फोन घ्यायला! बोलताना समोरच्याचा फोन गरम होतो अशी ज्यांची ख्याती, त्या वहिनींना दुसऱ्याच्या फोनवर 'हो साहेब, बघते साहेब' करायला! पंगतीतले सगळे हात ताटात थांबले.

"असं करू या, वन्सं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की भाऊजी पाणी पितात, तसे ते प्यायले. "पुढच्या महिन्यात म्हातारीचं पासिंग आहे. नापास झाली, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या फोनसमोर येऊन बसते. पण पास झाली तर?"

वन्सं खळखळून हसल्या. "पास झाली तर मी तुझ्या म्हातारीत बसून माझ्या ऑफिसच्या दारापर्यंत जाईन. सगळ्यांदेखत."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा जेवायला लागल्या. घास मात्र गोड लागला नाही.

तेव्हापासून महिनाभर भाऊजी म्हातारीला तरुण करत होते. त्यांना ही हौस पहिल्यापासून. फोनवर कुठल्याकुठल्या देशातल्या जुन्या ट्रकांचे व्हिडिओ बघायचे आणि सकाळी उठून पाना घेऊन सुटायचे. म्हातारीला तीन हॉर्न होते, खिडक्यांना पडदे होते, छताला पंखा होता. पंखा लावला की एक हॉर्न बंद पडायचा, पण दोन उरायचे.

खरं काम केलं होतं ते मिस्त्रींनी. ब्रेक, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे, स्टिअरिंग, दिवे, सगळं त्यांनी एकट्यानं खोलून बसवलं होतं. मिस्त्री कमी बोलायचे आणि बोलले की कोणी ऐकायचं नाही.

"जुन्या गाडीत काही नवं घालायचं असलं, तर त्या जागेवर आधी काय होतं ते बघा," ते भाऊजींना सांगायचे. "गाडी तोंडावर नाही म्हणत नाही. पण लक्षात ठेवते."

"व्हिडिओत तसं काही म्हणाले नाहीत," भाऊजी सांगायचे.

त्या दुपारी वहिनींनी पडद्यातून उरलेलं कापड काढलं. पिवळ्या कापडावर बशीएवढाली फुलं. सिलिंडरचं माप घेतलं, बुडाशी झालर लावली, गळ्याशी नाडी ओवली. तान्ह्या बाळाला घालावं असं अंगडं तयार झालं. पण चढवायला गेल्या तर ते गळ्याशी अडलं. सिलिंडरच्या मुठीत कोणीतरी एक बारीक सळई आडवी खुपसून ठेवली होती आणि तिच्या टोकाला लोखंडी कडी होती. ती कडी फुलात रुतत होती.

"कारखान्यातल्या लोकांना शिवणाचा काही विचारच नाही," वहिनी स्वतःशी म्हणाल्या. कडीला एक प्लास्टिकची पट्टी होती, ती कात्रीनं कापली. सळई ओढली. सुर्रकन बाहेर आली. अंगडं आता कसं झकास बसलं. नाडीला त्यांनी सात गाठी मारल्या.

सळई हातात राहिली. टाकायची तर जिवावर येत होतं, कडी चांगली जाड होती. वहिनींच्या किल्ल्यांची जुनी कडी चारच दिवसांपूर्वी उकलली होती आणि किल्ल्या सुतळीत अडकवून त्या फिरत होत्या. त्यांनी सातही किल्ल्या नव्या कडीत ओवल्या, सळई कमरेला खोवली आणि दोनदा उड्या मारल्यासारखं करून बघितलं. छान वाजत होत्या.

इकडे अंगणात भाऊजींनी शेवटचा डाव टाकला होता. मोडीत निघालेल्या एका बसच्या ड्रायव्हरची सीट त्यांनी मिळवली होती. ऐसपैस, पाठीला उशी, खाली जाडजूड स्प्रिंग. बसलं की सीट हळूच खाली जाणार, उठलं की हळूच वर येणार.

"साहेब स्वतः बसून बघतात म्हणे," भाऊजी वहिनींना समजावत होते. "माणसाच्या कमरेला आराम पडला की हात आपोआप सहीकडे जातो."

सीट बसली, पण रुंद होती. गिअरच्या दांड्याशेजारची सिलिंडरची जागा तिनं गिळली. मग अंगडं घातलेला सिलिंडर हातात घेऊन दोघं केबिनभर जागा शोधत फिरले. शेवटी भाऊजींना सीटच्या खालीच पोकळी दिसली. सिलिंडर तिथं उभा अगदी मापात बसला. भाऊजींनी पट्टा आवळला.

"छान," वहिनी म्हणाल्या. "कोणाची नजर नको की कोणाचा हात नको."

मिस्त्री ब्रेकचं तेल बघायला आले होते, त्यांनी वाकून पाहिलं. "सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी पाहिजे. आग लागली तर आधी सीट उचकटत बसणार का?"

"आग लागू देणारच नाही ना आम्ही," भाऊजी म्हणाले.

"आणि हे फुलांचं काय घातलंय? मूठ, काटा, पिन, सगळं डोळ्यांना दिसायला पाहिजे. जरा सोडून दाखवा बघू."

"सात गाठी मारल्यात, मिस्त्री," वहिनी म्हणाल्या. "आता उद्या साहेबांपुढंच सोडीन."

मिस्त्रींनी हात पुसले आणि ते गेले. भाऊजी सीटवर बसून पाच वेळा वर-खाली झाले. भाऊजींचं वजन म्हणजे दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याएवढं. सीट बोटभर खाली जायची आणि आपण कशाला त्रास घेतला असं वाटून परत वर यायची.

दुसऱ्या दिवशी अकराला तपासणीच्या मैदानावर रांग लागली होती. म्हातारी धुऊनपुसून उभी. आणि तिच्या बरोबर मागं, शेपटीला नाक लावून, वन्संचा सहावा, सगळ्यात नवा ट्रक. त्याच्या थंडगार केबिनमध्ये काळा चष्मा लावून खुद्द वन्सं.

"तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात?" वहिनींनी विचारलं.

वन्संनी काच चार बोटं खाली केली. "म्हटलं, येताना तुला लगेच ऑफिसातच घेऊन जावं. फोन वाजून वाजून दमलाय बिचारा." आणि काच वर गेली.

वहिनींनी ओठ मिटून घेतले आणि पुढं काय चाललंय ते बघायला लागल्या. त्यांना वाचायला फारसं येत नव्हतं, पण बघायला भरपूर येत होतं. पुढच्या गाडीशी तपासनीस साहेब उभे होते. गडद निळा गणवेश, जाड चष्मा, आणि देह असा की दोन माणसांना सावली पुरावी. त्यांच्याबरोबर एक काटकुळा कारकून होता. प्रत्येक गाडीचा लाल सिलिंडर तो उलटा करून बघायचा, बुडावर कोरलेला नंबर कागदावर उतरवून घ्यायचा आणि पुटपुटायचा, "एक नंबर, एक गाडी." वहिनींनी ते तीनदा बघितलं आणि मनात ठेवून दिलं. कधी काय कामाला येईल सांगता येत नाही.

म्हातारीची पाळी आली. साहेबांनी दिवे बघितले. लागले. वायपर बघितले. फिरले. मागचा फाळका उघडून आपटून बघितला. धड होता. हॉर्न म्हणताच भाऊजींनी तिन्ही एकदम वाजवले, तेव्हा साहेब जागच्या जागी वीतभर वर गेले.

"हे काय आहे? लग्नाची वरात? एक ठेवा, दोन काढा."

भाऊजींनी जड मनानं दोन वायरी तोडल्या. मग ब्रेक. म्हातारी धावत आली आणि चुन्याच्या रेघेवर अशी थांबली की साहेबांनी स्वतः वाकून बघितलं. "एकतीस वर्षांची आहे ना ही?" त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी नुसती मान हलवली. मागं नव्या ट्रकची काच पुन्हा चार बोटं खाली आली होती. वहिनींच्या कमरेच्या किल्ल्या आनंदानं वाजत होत्या.

"शेवटचं," साहेब म्हणाले. "अग्निशामक?"

"आहे ना, साहेब! सीटखाली," भाऊजी म्हणाले. "बसून बघा ना आधी. बसची सीट आहे. कमरेला फार आराम."

साहेबांना सकाळपासून उभं राहून कंटाळा आलेला होता. त्यांनी दाराची कडी धरली, म्हातारी त्यांच्या बाजूला कलली, आणि ते आत जाऊन बसले.

सीट खाली गेली. भाऊजींच्या वजनाला जिथं थांबायची तिथं थांबली नाही. तशीच खाली, आणखी खाली, साहेबांची टोपी खिडकीच्या काठाशी आली. साहेबांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं. ते काहीतरी चांगलं बोलणार, एवढ्यात सीटखालून कोणीतरी दात ओठ खाऊन शिंक दिल्यासारखा आवाज झाला.

केबिन पांढरी झाली. दोन्ही खिडक्यांतून पांढरे लोट बाहेर पडले. आतून साहेबांचा आवाज आला, "अरे! अरे!" आणि मग नुसतंच "फू! फू!" उठायला म्हणून ते हातानं रेटा देत होते, पण पोट स्टिअरिंगखाली अडकलेलं. प्रत्येक रेट्याला सीट आणखी खाली बसत होती, आणि सीट खाली बसली की सिलिंडरची मूठ आणखी आवळली जात होती. पिवळं फुलांचं अंगडं साती गाठी तोडून खिडकीतून उडालं आणि कारकुनाच्या डोक्यावर जाऊन बसलं. झालर त्याला शोभत होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मग सगळं शांत झालं. केबिनचं दार उघडलं आणि आतून एक पिठाचा पुतळा उतरला. पुतळ्यानं चष्मा काढला, तेव्हा आत दोन डोळे सापडले.

"अग्निशामक," पुतळा सावकाश म्हणाला, "आहे."

"होता, साहेब," कारकून फुलांखालून म्हणाला.

मैदानावरचे सगळे ड्रायव्हर गोळा झाले होते. साहेबांनी कागद मागवला. पांढऱ्या बोटांनी एकेका ओळीवर खूण केली. दिवे ठीक, ब्रेक उत्तम, पाटे ठीक. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. "अग्निशामक भरलेला लागतो. हा रिकामा झालाय. एक वाजेपर्यंत भरलेला दाखवा. नाहीतर नापास." मग त्यांनी कानातली पावडर काढली आणि भाऊजींना सांगितलं, "आणि सिलिंडर भरलेला आहे की नाही हे असं दाखवायचं नसतं. काटा बघून भागतं."

साडेबारा वाजले होते. सिलिंडर भरून देणारं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, जायला-यायलाच दोन तास.

मिस्त्रींनी सीट उचलून रिकामा सिलिंडर बाहेर काढला आणि फिरवून बघितला. "पिन कुठाय याची? मुठीत पिन असते, कडीवाली. ती असती तर याच्यावर हत्ती बसला असता तरी हा उडाला नसता."

सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं. "मी नाही काढली!" भाऊजी म्हणाले. "मी तर नुसती सीट..."

वहिनींच्या कमरेला किल्ल्या किणकिणल्या. वहिनींनी खाली बघितलं. मग जुडगा मुठीत घट्ट धरला, आवाज बंद केला आणि तो आत, अगदी आत खोवून टाकला.

"सीट कोणी बसवली?" त्यांनी कडक आवाजात विचारलं.

"मी."

"झालं तर मग!"

भाऊजींची मान खाली गेली. मिस्त्रींनी वहिनींच्या कमरेकडे एकदा बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. पंचवीस वर्षं ते त्या घरची गाडी दुरुस्त करत होते. कुठला नट पिळायचा नसतो हे त्यांना कळत होतं.

तेवढ्यात वन्सं खाली उतरल्या. हसून हसून त्यांचा काळा चष्मा ओला झाला होता. "अगंबाई, पिठाची गिरणी कधी काढलीस? बोलली नाहीस ती! चल आता, राहू दे सगळं. ऑफिसात पंखा आहे, गार वाटेल तुला."

वहिनींच्या डोळ्यांपुढं काचेचं दार आलं. दारामागं टेबल, टेबलावर फोन, फोनपुढं आपण. मालक असते तर म्हणाले असते, गाडी विकली तरी चालेल, पण तू कोणाला 'हो साहेब' म्हणू नकोस. त्यांनी एकदा म्हातारीकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, एकदा वन्संच्या चकचकीत ट्रककडे. आणि मग सबंध मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात साहेबांना म्हणाल्या, "काय करणार, साहेब. दुसऱ्याकडे मागावा तर कोण देतं? या आमच्या वन्सं. सहा ट्रक आहेत. पण त्यांच्याकडे तरी कुठला जास्तीचा असायला? मी काही मागत नाही हो त्यांच्याकडे. उगाच त्यांना नाही म्हणायची पाळी कशाला आणायची?"

चाळीस ड्रायव्हर वन्संकडे बघायला लागले.

"नाही म्हणायची पाळी?" वन्संचं हसू थांबलं. "माझ्यावर? अगं, असले सिलिंडर मी पायलीनं आणते! ए, आपला सिलिंडर काढ रे गाडीतला. दे हिला."

वन्संचा ड्रायव्हर कसानुसा झाला. "बाई, पण आपल्यालाही आत्ता..."

"तू गप्प बस. सांगितलं तेवढं कर."

"वन्सं, नक्की देताय?" वहिनींनी विचारलं.

"देतेय म्हणजे देतेय."

"तुम्हाला लागणार नाही ना?"

"मला? मला काय धाड भरलीय?"

"नाही, म्हणजे नंतर म्हणाल, आधी विचारलं नाहीस. बघा हं. देताय ना?"

"किती वेळा सांगू? घे! आणि आयुष्यभर लक्षात ठेव!"

"ठेवीन," वहिनी म्हणाल्या आणि सिलिंडर दोन्ही हातांनी घेतला. काटा हिरव्यात, मुठीत पिन, पिनेला कडी. मिस्त्रींनी तो या वेळी कोणालाही न विचारता ड्रायव्हरशेजारच्या बसायच्या फळीपुढं, सीटवरून हात पोचेल असा लावला. उघडा. वहिनींची बोटं शिवशिवली, पण त्यांनी ती आवरली. कारकून वाकला, बुडावरचा नंबर उतरवला, "एक नंबर, एक गाडी" पुटपुटला, आणि साहेबांनी सही केली. सहीवर थोडी पावडर सांडली, ती शाई टिपायला बरी पडली.

"म्हातारी पास!" भाऊजी ओरडले. हॉर्न वाजवायला त्यांनी हात उचलला, पण वहिनींची नजर बघून तो परत खाली आला. सीटची आठवण अजून ताजी होती.

साहेब पुढच्या गाडीकडे वळले. नवा ट्रक. सगळं आरशासारखं. दिवे, ब्रेक, हॉर्न, कशात खोट नाही. वन्सं हात बांधून उभ्या होत्या.

"अग्निशामक?"

वन्संचं तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच राहिलं. त्यांचा ड्रायव्हर आभाळाकडे बघत होता.

"तो... तो हिच्याकडे आहे! वहिनी, दे तो इकडे!"

"घ्या की," वहिनी लगेच म्हातारीच्या दाराकडे गेल्या. "तुमचाच आहे. म्हणून तर तीन वेळा विचारलं."

"चालणार नाही," कारकून म्हणाला. अजून त्याच्या खिशातून पिवळ्या झालरीचं टोक डोकावत होतं. "तो नंबर आत्ताच त्या गाडीला लागलाय. आज दुसऱ्या गाडीला लागत नाही."

"अहो, माझी गाडी नवी आहे!" वन्सं साहेबांना म्हणाल्या.

"नवी गाडीसुद्धा जळते, बाई," साहेब म्हणाले आणि पापण्यांवरची पावडर झटकली. त्याच क्षणी कचेरीतली एकची घंटा झाली. "उद्या अकराला. गाडी इथंच राहील."

वहिनींना हे सगळं आधीच सुचलं होतं का, ते त्यांनी पुढं कधीच कोणाला सांगितलं नाही. त्या वेळी मात्र त्यांनी म्हातारीचं दुसरं दार उघडलं, फळीवरची पावडर रुमालानं झटकली आणि म्हणाल्या, "या, वन्सं. तुमच्या दारापर्यंत. सगळ्यांदेखत ठरलं होतं ना?"

वन्सं चढल्या. न चढून सांगतात कोणाला? भाऊजी बसच्या सीटवर, मध्ये वहिनी, कडेला वन्सं. म्हातारी निघाली. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला पंख्यातून, पडद्यांतून, छताच्या फटींतून थोडीथोडी पावडर खाली यायची आणि वन्संच्या केसांत मुक्काम करायची. पहिली दहा मिनिटं त्या झटकत होत्या. मग सोडून दिलं. दर थोड्या वेळानं त्या फळीवरून अर्ध्या उठायच्या आणि विचारायच्या, "या खाली काही नाही ना?"

"काही नाही. निवांत बसा," वहिनी म्हणायच्या.

अर्ध्या तासानं काचेचं दार आलं. वन्सं उतरल्या तेव्हा केस पांढरे, भुवया पांढऱ्या, आणि आतला माणूस दार उघडायला तयार नाही. निरोप घ्यायला वहिनी वाकल्या आणि कमरेत खोल खोवलेल्या किल्ल्या एकदम बाहेर लोंबल्या.

वन्संची नजर त्यावर गेली. "कडी छान आहे गं. मजबूत दिसते. कुठं मिळाली?"

भाऊजींनी मान वळवली. कडी बघितली. कडीला लागून असलेली सळई बघितली. मग फळीपुढचा सिलिंडर बघितला, त्याच्या मुठीतली तशीच सळई बघितली, तशीच कडी.

वन्संनीही ती बघितली. "अय्या, याला पण आहे! मग ही मीच घेते काढून. नाहीतरी सिलिंडर माझाच." आणि त्यांनी हात घातला.

"नको!" वहिनी अशा ओरडल्या की म्हातारीचं इंजिनच बंद पडलं. त्यांनी वन्संचं मनगट धरलं. "ती काढायची नसते, वन्सं. तिथंच बरी दिसते. उघडी."

उघडी! वहिनींच्या तोंडून! वन्सं बघतच राहिल्या.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी दोनदा त्या कडीकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, सीट कोणी बसवली होती?"

"पुढं बघून चालवा," वहिनी म्हणाल्या.

भाऊजींनी पुढं बघितलं आणि उरलेला एक हॉर्न वाजवला. निष्कारण. लांबलचक. वहिनी काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांत बाकीचे दोन हॉर्नही परत लागले, तेव्हाही बोलल्या नाहीत, आणि त्या घरात असं आधी कधी झालं नव्हतं.

वन्संचा सिलिंडर दुसऱ्याच सकाळी साडेदहाला, आपला भरून आणलेला म्हातारीत लावून, मैदानावर वन्संकडे परत पोचता केला गेला. त्याच्याबरोबर एक पुडकंही होतं. पिवळ्या कापडावर बशीएवढाली फुलं, कारकुनाकडून परत मागून घेतलेली, धुऊन, इस्त्री केलेली. माप मात्र उसवून नव्यानं घेतलेलं. सोबत भाऊजींच्या तोंडी वहिनींचा निरोप होता: "फोन घ्यायला माणूस मिळेपर्यंत तुमच्या ऑफिसातल्या फोनला घाला. उघडा राहायला नको."